व्हिडिओ लागत नाही? फोनच्या ब्राउझरमधूनच फाइल कशी बदलायची

"व्हिडिओ लागंना झालाय, जरा बघ की." खानापूर-निपाणीकडच्या कुठल्याही घरात मोबाइल थोडाफार समजणाऱ्या माणसाला लग्नसराईत हे ऐकावंच लागतं. पुण्यातल्या भावाने आयफोनवर हळदीचं शूटिंग केलेलं असतं, ते इथल्या टीव्हीवर लावलं की नुसता आवाज येतो आणि पडदा काळा. शिवजयंतीच्या चित्ररथांचा रात्रभर काढलेला व्हिडिओ गल्लीच्या ग्रुपवर जात नाही. शाळेच्या स्पर्धेचा फॉर्म "फक्त एमपी४, ५० एमबीच्या आत" म्हणून अडून बसतो.

घरात कॉम्प्युटर नसतो, आणि एवढ्यासाठी बेळगावला स्टुडिओत जाणं जिवावर येतं. फोनमधल्या क्रोममधून किंवा सफारीतून हे काम होतं, वेगळं ॲप घ्यावं लागत नाही. पण कुठली साइट उघडायची, कुठलं बटण दाबायचं नाही आणि कुठल्या फाइलला हातच लावायचा नाही, हे माहीत असायला हवं. मी हे घरच्यांसाठी, शेजाऱ्यांसाठी आणि मंडळासाठी करत आलोय. त्याच क्रमाने सांगतो.

## १. आधी बघा, बदलायची गरज तरी आहे का

निम्म्या वेळा गरज नसते. फोनवर व्हिडिओ लागत नसेल तर आधी व्हीएलसी हे फुकट ॲप टाकून त्यात लावून बघा. त्यात लागला आणि तुम्हाला तो फक्त बघायचाच असेल, तर काम तिथेच संपलं.

व्हॉट्सॲपवर जात नसेल तर व्हिडिओ म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. क्लिपच्या खुणेवर दाबा, डॉक्युमेंट निवडा, फाइल निवडा. २ जीबीपर्यंतची फाइल अशी जाते आणि चित्राचा दर्जा जराही उतरत नाही. व्हिडिओ म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप स्वतःच तो दाबून लहान करतं. म्हणूनच ग्रुपवरून आलेला व्हिडिओ परत बदलत बसू नका. ज्याने काढला त्याला फोन करून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. आधीच दाबलेली फाइल पुन्हा दाबली की नवरीच्या साडीचे काठ नुसते चौकोन-चौकोन दिसतात.

आणखी एक. आयफोनवाल्या नातेवाइकाला कार्यक्रमाच्या आधीच सांगा: सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स, आणि तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल'. पुढची सगळी कटकट तिथेच वाचते. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनमध्येही कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'हाय एफिशियन्सी व्हिडिओ' असा पर्याय असतो, तो बंद ठेवायचा.

## २. फाइलच्या आत काय आहे ते ओळखा

ही पायरी सगळे सोडतात आणि मग "मी एमपी४ केलं तरी लागत नाही" म्हणून परत येतात.

फाइलच्या नावाच्या शेवटी एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही असं जे असतं, ते डब्यावरचं लेबल. कुंद्याच्या (बेळगावच्या मिठाईच्या) रिकाम्या डब्यात आपल्याकडे घरोघरी पुढे सुईदोरा आणि बटणं निघतात, तसंच इथेही आहे. एमपी४ नावाच्या डब्यात एच.२६४ असू शकतो, एच.२६५ असू शकतो, एव्ही१सुद्धा असू शकतो. टीव्ही अडतो तो बहुतेक वेळा आतल्या मालावर. या आतल्या मालाला कोडेक म्हणतात. चित्राचा एक कोडेक असतो आणि आवाजाचा वेगळा.

सीमाभागातल्या घरांत फिरणाऱ्या फाइली साधारण अशा असतात:

एच.२६४. २००३ सालचा कोडेक, सगळ्यात भरवशाचा. जुना टीव्ही, स्वस्त फोन, मंडळाच्या स्क्रीनवाल्याचा लॅपटॉप, सगळीकडे लागतो. तुम्हाला बहुतेक वेळा याच्याकडेच यायचंय.

एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी. २०१३ चा. तेवढ्याच दर्जाला जागा बरीच कमी घेतो. आयफोनमध्ये २०१७ च्या आयओएस ११ पासून हाच आला. काळ्या पडद्याचा आरोपी बहुतेक वेळा हा असतो.

व्हीपी९ आणि एव्ही१. वेबएम नावाच्या फाइलींत सापडतात. फोनवर चालतात, जुन्या टीव्हीवर चालतीलच असं नाही.

एमपीईजी-२. लग्नाच्या जुन्या डीव्हीडीतल्या व्हीओबी फाइली.

एच.२६३ आणि एएमआर आवाज. जुन्या बटणांच्या फोनमधले थ्रीजीपी व्हिडिओ. चित्र काडेपेटीएवढं, पण त्यात आजोबा बोलत असतात, त्यामुळे ते टाकवत नाहीत.

ओळखायचं कसं? क्रोममध्ये 'मीडियाइन्फो ऑनलाइन' असं शोधा. मीडियाएरिया या संस्थेचं हे पान आहे. फाइल निवडली की आतला सगळा हिशेब समोर येतो, आणि फाइल तुमच्या फोनबाहेर जात नाही, ब्राउझर तिथल्या तिथे ती वाचतो. त्यातल्या चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: व्हिडिओचा फॉरमॅट (एव्हीसी म्हणजे एच.२६४, एचईव्हीसी म्हणजे एच.२६५), आवाजाचा फॉरमॅट, चित्राची लांबी-रुंदी आणि बिटरेट (एका सेकंदाला किती माहिती). 'एचडीआर' किंवा '१० बिट' (उजेड आणि रंग जास्त बारकाईने टिपणारे प्रकार) असं दिसलं तर तेही लिहा, पुढे लागेल.

चित्र आधीच एच.२६४ आणि आवाज एएसी (आवाजाचा नेहमीचा कोडेक) असेल आणि फक्त डबा एमकेव्ही किंवा एमओव्ही असेल, तर नशीब चांगलं. आतला माल न उसवता नुसता डबा बदलता येतो. त्या पर्यायाला साइटवर 'रीमक्स', 'कॉपी' किंवा 'स्ट्रीम कॉपी' म्हणतात. काही सेकंदांत होतं, दर्जा तसूभरही उतरत नाही. हा पर्याय दिसत असताना पूर्ण रूपांतर करणं म्हणजे फोन फुकट तापवणं.

## ३. जवळ काय काय हवं

- मूळ फाइल, आणि तिची एक प्रत दुसरीकडे (पेन ड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह, दुसरा फोन, कुठेही)
- फोनमध्ये मोकळी जागा, मूळ फाइलच्या तिप्पट
- चार्जर, आणि लाइट असलेली वेळ. पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीकडच्यांना हे वेगळं सांगायला नको
- वायफाय किंवा शिल्लक डेटा, साइट कुठल्या प्रकारची आहे त्यावर अवलंबून (पुढची पायरी)
- ओटीजी कनेक्टर (फोनला पेन ड्राइव्ह जोडायचा), व्हिडिओ टीव्हीवर न्यायचा असेल तर
- जिथे व्हिडिओ लावायचाय किंवा पाठवायचाय तिथली अट, नीट लिहून: कुठला फॉरमॅट, किती एमबी, किती मिनिटं

शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. अट माहीत नसताना केलेलं रूपांतर दुसऱ्यांदा करावंच लागतं.

## ४. साइट कुठली: फोनमध्येच काम करणारी की सर्व्हरवर नेणारी

ब्राउझरमधून व्हिडिओ बदलणाऱ्या साइट दोन जातींच्या असतात, आणि दिसायला दोन्ही सारख्याच.

पहिली जात तुमची फाइल इंटरनेटवरून आपल्या सर्व्हरवर नेते, तिथे बदलते आणि परत डाउनलोड करायला देते. क्लाउडकन्व्हर्ट हे यातलं एक जुनं नाव. फोन साधा असला तरी चालतो, कारण कष्ट तिकडचं मशीन करतं. पण हिशेब करा. ७०० एमबीची फाइल चढवायची आणि अपलोडचा वेग ५ एमबीपीएस (सेकंदाला ५ मेगाबिट, आणि ८ मेगाबिटचा एक एमबी) मिळाला, तर नुसतं चढायलाच १८-१९ मिनिटं लागतात. बदललेली २०० एमबीची फाइल उतरवली की ९०० एमबी डेटा गेला. रोज दीड जीबीचा पॅक असेल तर दिवसाचा निकाल तिथेच लागला. शिवाय आपल्याकडे डाउनलोड बरा आणि अपलोड रडका, हे टॉवरपासून लांबच्या वाडीतला कुणीही सांगेल.

दुसरी जात बदलण्याचं इंजिनच तुमच्या ब्राउझरमध्ये आणून ठेवते. बहुतेक ठिकाणी हे इंजिन म्हणजे एफएफएमपेग. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने २००० साली सुरू केलेलं, सगळ्यांना फुकट असलेलं सॉफ्टवेअर. जगातल्या बहुतेक कन्व्हर्टरच्या पोटात तेच आहे, पैसे घेणाऱ्यांच्यासुद्धा. वेबअसेम्ब्ली नावाच्या तंत्रामुळे ते ब्राउझरमध्ये चालतं. सुरुवातीला तीसेक एमबी उतरतात, मग फाइल फोनबाहेर न जाता काम होतं. डेटा वाचतो आणि घरचं घरात राहतं.

याची किंमत वेळेत मोजावी लागते. साध्या फोनवर पाच मिनिटांच्या व्हिडिओला अर्धा तास सहज लागू शकतो. फोन तापतो. मेमरी कमी असेल तर टॅब मध्येच मरतो. या पद्धतीत २ जीबीच्या वरची फाइल चालत नाही, पण ४ जीबी रॅमच्या फोनवर मी ३००-४०० एमबीच्या पुढे जायला सांगणार नाही. काही नव्या साइट 'वेबकोडेक्स' वापरतात, म्हणजे फोनमध्ये आधीच असलेली व्हिडिओची चिप कामाला लावतात. त्या कितीतरी जलद असतात. क्रोममध्ये ही सोय २०२१ च्या ९४व्या आवृत्तीपासून आहे, सफारीत २०२३ च्या १६.४ पासून. म्हणून आधी ब्राउझर अपडेट करून घ्या.

साइट कुठल्या जातीची हे ओळखायची युक्ती सोपी आहे. "आम्ही फाइल अपलोड करत नाही" हे तर कुणीही लिहितो. पान पूर्ण उघडू द्या, एखादी दहा-वीस सेकंदांची फालतू क्लिप एकदा बदलून बघा, म्हणजे इंजिन उतरतं. मग फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद आहे ना बघा, आणि तीच क्लिप पुन्हा बदला. झाली तर साइट खरोखर फोनमध्येच काम करते. अडली तर फाइल बाहेर जात होती.

याच युक्तीचा दुसरा उपयोग नेट नसलेल्या गावात. बेळगावात किंवा नेट मिळतंय तिथे पान उघडून इंजिन उतरवून घ्या, टॅब बंद करू नका, आणि घरी येऊन रेंज नसताना काम करा. टॅब मध्ये रीलोड झाला तर मात्र परत नेट लागेल.

माझा नियम असा: घरातल्या बायकामुलांचे व्हिडिओ, दवाखान्यातले, कागदपत्रं दिसणारे, असलं काहीही फोनमध्येच बदलायचं, कितीही वेळ लागो. चित्ररथ, कुस्तीचा फड, यात्रा, म्हणजे चारचौघांत घडलेलं आणि आकाराने मोठं, ते सर्व्हरवर गेलं तरी बिघडत नाही.

## ५. प्रत्यक्ष काम

क. लिंक व्हॉट्सॲपवर किंवा फेसबुकवर आली असेल तर तिथल्या तिथे उघडू नका. ॲपच्या आत उघडणारा तो छोटा ब्राउझर डाउनलोडला दगा देतो. लिंक कॉपी करून क्रोममध्ये किंवा सफारीत टाका.

ख. बाकीचे सगळे टॅब बंद करा. यूट्यूब, गेम, जे काही मागे चालू असेल ते बंद. बॅटरी सेव्हर काढा. स्क्रीन बंद व्हायची वेळ दहा मिनिटांवर किंवा त्याहून पुढे न्या.

ग. फाइलचं नाव बदला. 'हळदी समारंभ (२) फायनल' असलं देवनागरी, कंस आणि मोकळ्या जागा असलेलं नाव नको. रोमन लिपीतली अक्षरं आणि आकडे एवढंच ठेवा. काही साइट देवनागरी नावावर अडतात, आणि जुन्या टीव्हीवर अशा नावाचे नुसते चौकोन दिसतात.

घ. फाइल निवडा. अँड्रॉइडवर गॅलरीतून किंवा फाइल्समधून. आयफोनवर व्हिडिओ आधी 'सेव्ह टू फाइल्स' करा आणि मग साइटवर 'चूझ फाइल' म्हणून तिथून घ्या. फोटोजमधून थेट घेतला तर आयफोन स्वतःच आधी त्याची वेगळी प्रत बनवायला घेतो, वेळ जातो आणि दर्जाही घसरू शकतो.

च. सेटिंग निवडा (पुढची पायरी).

छ. पूर्ण फाइलच्या आधी तीस सेकंदांचा तुकडा बदलून बघा. गॅलरीतल्या एडिटमध्ये 'ट्रिम' करून प्रत म्हणून सेव्ह करा. हा तुकडा टीव्हीवर लागला तरच मोठ्या फाइलला हात घाला.

ज. 'कन्व्हर्ट' दाबा आणि फोन चार्जरला लावून ठेवा. तेवढ्यात रील बघायला जाऊ नका. टॅब मागे गेला की अँड्रॉइड त्याची मेमरी काढून घेतं आणि परत आल्यावर पान कोरं. फोन आला तरी तोच धोका, म्हणून हे काम जेवणाच्या वेळी किंवा रात्री करा.

झ. झालेली फाइल लगेच सेव्ह करा. अँड्रॉइडवर ती डाउनलोड्समध्ये जाते, आयफोनवर फाइल्समधल्या डाउनलोड्समध्ये. गॅलरीत दिसली नाही म्हणून हरवली असं नाही. सर्व्हरवाली साइट असेल तर तिथे 'डिलीट'चं बटण असतं का बघा आणि उतरवून झाल्यावर ते दाबा.

## ६. सेटिंगमध्ये काय निवडायचं

घाबरवणारी जागा हीच, पण निम्मे रकाने तसेच सोडायचे असतात. डबा एमपी४, चित्र एच.२६४, आवाज एएसी १२८ केबीपीएस, फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) मूळचाच. हे चार जवळजवळ कायमचे. ठरवायचं राहतं ते चित्राचं मोजमाप आणि दर्जा.

दर्जा दोन पद्धतींनी सांगतात. एक 'सीआरएफ' नावाचा आकडा. एच.२६४ साठी २३ हा नेहमीचा, १८ म्हणजे फार चांगला आणि फाइल मोठी, २८ म्हणजे चालण्याजोगा. आकडा कमी तर दर्जा जास्त, इथे पुष्कळांची उलटापालट होते. दुसरी पद्धत बिटरेट, म्हणजे एका सेकंदाला किती माहिती. फाइल किती एमबीची हवी याची अट असेल तेव्हा बिटरेटच वापरा, कारण सीआरएफने आकार आधी कळत नाही.

शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेचं उदाहरण घेऊ. अट ५० एमबी, भाषण पाच मिनिटांचं. ५० ला ८ ने गुणलं की ४०० मेगाबिट. पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद. ४०० भागिले ३०० म्हणजे सेकंदाला १.३३ मेगाबिट. त्यातून आवाजाचे ०.१३ काढा, राहिले १.२. थोडी ढील ठेवून १.१ एमबीपीएस, म्हणजे ११०० केबीपीएस लिहा. चित्र ७२०पी. मूल एका जागी उभं राहून बोलतंय, मागे भिंत आहे, एवढ्यात चेहरा स्वच्छ दिसतो.

चित्ररथाला हा हिशेब लावला तर फसाल. रात्रीचं शूटिंग, हलणारी गर्दी, गुलाल, चमकणारे लाइट, आणि अंधारात कॅमेऱ्याने स्वतःच पाडलेले दाणे. एवढं सगळं सांभाळायला बिटरेट दुप्पट-तिप्पट लागतो. कमी दिला तर मिरवणुकीचा नुसता चिखल होतो. त्यापेक्षा व्हिडिओ कापा. तासभराच्या मिरवणुकीतली आपल्या मंडळाची सहा मिनिटं नीट दिसलेली बरी.

बाकीच्या नेहमीच्या गरजा:

टीव्ही आणि पेन ड्राइव्ह. १०८०पी, सीआरएफ २० ते २३. '८ बिट' हा पर्याय असेल तर तोच. पेन ड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर बसतच नाही, जागा कितीही रिकामी असो. दोन तुकडे करा.

गल्लीचा ग्रुप. ७२०पी, दीड एमबीपीएस. मिनिटाला साधारण ११ एमबी पडतात.

भजनी मंडळाचा नुसता आवाज. चित्र टाकून एमपी३ किंवा एएसी, १२८ केबीपीएस. मिनिटाला एक एमबीसुद्धा नाही. एकादशीचं तासाभराचं भजन ६० एमबीच्या आत येतं.

मंडळाचा एलईडी पडदा. या पडद्यांची मापं टीव्हीसारखी नसतात, फळ्या जोडून हवा तसा आकार करतात. स्क्रीनवाल्याला विचारूनच करा. त्याला वेळ नसला तर १०८०पी एच.२६४ द्या, तो त्याच्याकडे बसवून घेतो.

एक गोष्ट कधीच करू नका: लहान चित्र मोठं. ३६०पीची फाइल १०८०पी केल्याने नवं काही दिसत नाही, फाइल तेवढी फुगते.

## ७. झालेली फाइल तपासा

सुरुवातीची दहा सेकंदं बघून "लागली की" म्हणू नका. मधला एक मिनिट आणि अगदी शेवटचा मिनिट बघा, बोलणाऱ्याचे ओठ आणि आवाज जुळतात का ते. फोन शूटिंग करताना फ्रेमचा वेग कमी-जास्त करतात, आणि रूपांतरात ते गडबडलं की आवाज हळूहळू मागे पडतो. सुरुवातीला कळत नाही, शेवटी मंगलाष्टक एकीकडे आणि अक्षता दुसरीकडे. असं झालं तर फ्रेम रेट 'कॉन्स्टंट' ३० करून पुन्हा करा.

उभा व्हिडिओ आडवा झालाय का बघा. रंग धुतल्यासारखे फिके वाटतायत का बघा. फिके असतील तर मूळ व्हिडिओ एचडीआर होता. आयफोन १२ पासून पुढचे फोन तसे काढतात. साइटवर 'एचडीआर टू एसडीआर' किंवा 'टोन मॅपिंग' असा पर्याय असेल तर तो लावा, नसेल तर दुसरी साइट.

## ८. फसवणुकीच्या जागा

फुकटच्या कन्व्हर्टर साइटवर खऱ्या बटणापेक्षा खोटी बटणं जास्त असतात. मोठं हिरवं 'डाउनलोड' बहुतेक वेळा जाहिरात असतं. आपण कर्नाटकात आहोत म्हणून त्या जाहिराती कन्नडमध्येही येतात, आणि आपल्या भाषेतलं दिसलं की माणूस विश्वास ठेवतो. खरं बटण तुमच्या फाइलच्या नावाशेजारी असतं. बटणावर बोट दाबून धरलं की लिंक कुठे जाते ते दिसतं, ते बघा.

क्रोमला पानाचं आपोआप भाषांतर करू देऊ नका. कोडेकची नावं आणि बटणं ओळखू येईनाशी होतात.

"तुम्ही रोबो नाही हे दाखवायला 'अलाऊ' दाबा" असं आलं तर दाबू नका. ती नोटिफिकेशनची परवानगी असते, मग दिवसभर फोनवर "तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे" असल्या चिठ्ठ्या येतात. कुणी दाबून बसलं असेल तर क्रोमचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, आणि तिथून ती साइट काढा.

उतरलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी काय आहे ते बघितल्याशिवाय तिच्यावर दाबू नका. एमपी४ हवं असताना एपीके आलं तर ते ॲप आहे, व्हिडिओ नव्हे. लगेच डिलीट. 'एमपी४.एपीके' असं जोडनावही तेच. अमेरिकेतल्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने मार्च २०२५ मध्ये फुकटच्या कन्व्हर्टर साइटबद्दल जाहीर इशारा दिला होता: फाइल खरोखर बदलून देतात आणि सोबत मालवेअर घुसवतात, शिवाय चढवलेल्या फाइलीतली खासगी माहिती काढून घेतात. काम झालं म्हणून साइट चांगली, असं धरता येत नाही. आणि कन्व्हर्टरला तुमचा मोबाइल नंबर, ओटीपी किंवा कॉन्टॅक्ट्सची परवानगी कशालाही लागत नाही. मागितली की बाहेर पडा.

व्हिडिओत चित्राशिवाय आणखी काही असतं तेही लक्षात ठेवा. कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल तर घराचं ठिकाण फाइलमध्ये लिहिलेलं असतं. मीडियाइन्फोमध्ये ते दिसतं. अनोळखी सर्व्हरवर किंवा जाहीर ग्रुपवर द्यायच्या आधी साइटवर 'रिमूव्ह मेटाडेटा' असेल तर ते लावा.

आणि ज्या फाइलला हात लावायचा नाही ती ही: बांधावरच्या भांडणाचा, अपघाताचा, सीसीटीव्हीचा व्हिडिओ, जो पोलिसांत किंवा कोर्टात जाऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइलवरून काढलेला, अंगठ्याच्या ठशासारखा आकडा) लिहावं लागतं. फाइल बदलली की हॅश बदलतो. वकिलाला बघायला म्हणून बदललेली प्रत द्या, पण मूळ फाइल ज्या फोनवर किंवा कार्डावर आहे तिथेच राहू द्या.

## ९. ब्राउझर पुरत नाही तिथे

ओटीटी ॲपमध्ये डाउनलोड केलेला सिनेमा बदलता येत नाही, त्याला कुलूप असतं. त्यावर वेळ घालवू नका.

लग्नाची जुनी डीव्हीडी असेल तर आत एक-एक जीबीच्या व्हीओबी फाइली असतात. त्या फोनच्या ब्राउझरला झेपत नाहीत. कुणाचा तरी लॅपटॉप एका संध्याकाळपुरता मागा आणि हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर वापरा. चित्र ७२० बाय ५७६ चं, सेकंदाला २५ फ्रेम, तसंच ठेवा. 'डीइंटरलेस' चालू करा, नाहीतर वरातीतल्या नाचणाऱ्यांच्या कडांना कंगव्याचे दात दिसतात. डीव्हीडीवर ओरखडे वाढत चाललेत, तेव्हा हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नका.

थ्रीजीपी मात्र ब्राउझरमध्ये छान होतात, कारण त्या जेमतेम काही एमबीच्या असतात. एमपी४, एच.२६४, एएसी, मोजमाप मूळचंच. आवाज बारीक असेल तर 'व्हॉल्यूम' दीडपट करून बघा. मूळ थ्रीजीपीही जपून ठेवा.

आणि पुढचं लग्न घरात ठरलं असेल तर स्टुडिओवाल्याशी बोलणी करतानाच सांगा: अल्बम आणि पेन ड्राइव्हसोबत पूर्ण व्हिडिओची एक प्रत १०८०पी एच.२६४ एमपी४ मध्ये हवी, ४ जीबीच्या आतल्या तुकड्यांत. ॲडव्हान्सच्या पावतीवरच लिहून घ्या. बाकीचे पैसे द्यायच्या आधी पेन ड्राइव्ह आपल्याच टीव्हीला लावून बघा.